विश्लेषण : छतावरच्या सौरविजेला खरा भाव किती?

‘पंतप्रधान सूर्यघर : मोफत वीज योजना’ फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली आणि भंडारा, तुमसर, साकोलीसारख्या गावांत ‘बिल शून्य’ ही चर्चा घरोघरी पोहोचली. पण छतावरच्या प्रत्येक युनिटला सारखा भाव मिळत नाही. हे हिशेबात न धरता मोठा संच बसवला, तर पैसे अडकून पडतात.

विजेला भाव मिळतो कसा?

जर्मनीने २००० मध्ये कायदा करून ग्रिडला दिलेल्या सौरविजेला २० वर्षांसाठी ठरावीक दर दिला. तिथे छत हे कमाईचे साधन झाले. महाराष्ट्रात घरगुती ग्राहकांसाठी मुख्यतः ‘नेट मीटरिंग’ आहे. दिवसा जास्तीची वीज महावितरणच्या तारेत जाते, रात्री आपण ती परत घेतो आणि बिल फक्त फरकाचे येते. म्हणजे इथे फायदा वीज विकण्यात नसून वीज विकत घेणे टाळण्यात आहे.

एकाच छतावर तीन भाव कसे?

महावितरणच्या २०२४-२५ च्या दरपत्रकात वहन आकारासह पहिल्या १०० युनिटना सुमारे ६ रुपये, तर १०१ ते ३०० युनिटना सुमारे साडेअकरा रुपये दर होता. समजा, घराचा वापर महिन्याला २०० युनिट आहे आणि एक किलोवॉट संच महिन्याला सरासरी १०० युनिट देतो.

- पहिला किलोवॉट महागडे १०० युनिट वाचवतो : वर्षाला सुमारे १३,८०० रुपये.
- दुसरा स्वस्त १०० युनिट वाचवतो : सुमारे ७,२०० रुपये.
- तिसऱ्याची वीज उरते. तिला ३ रुपये दर धरला, तर ३,६०० रुपये.

केंद्राचे अनुदानही उतरते आहे. पहिल्या दोन किलोवॉटना प्रत्येकी ३० हजार, तिसऱ्याला १८ हजार. त्यापुढे वाढ नाही, कमाल ७८ हजार.

३१ मार्चला काय होते?

वापरून उरलेले युनिट पुढच्या महिन्यात जमा राहतात, पण आर्थिक वर्ष संपेपर्यंतच. ३१ मार्चला शिल्लक युनिटचा हिशेब वीज नियामक आयोगाने मान्य केलेल्या दराने होतो आणि खाते पुन्हा शून्यावर येते. हा दर आपण विजेला मोजतो त्यापेक्षा बराच कमी असतो.

विदर्भाला हे जास्त जाचते. हिवाळ्यात पंखे-कूलर बंद असताना युनिट साठतात. एप्रिल-मे-जूनमध्ये कूलर दिवसरात्र चालतो, तेव्हा तो साठा हाताशी नसतो. स्वस्तात गेलेली वीज मग महाग दराने घ्यावी लागते.

मग संच किती मोठा घ्यावा?

छत किती मोठे आहे, यावर नाही, तर मागच्या १२ महिन्यांच्या बिलांवर ठरवा. वर्षाची एकूण युनिट काढा, १,२०० ने भागा. साधारण तेवढे किलोवॉट पुरतात. विद्युत स्कूटर किंवा एसी घ्यायचा विचार असेल, तरच थोडे वाढवा. दर महिन्याच्या बिलावर जमा युनिट पाहा. फेब्रुवारी-मार्चमध्ये शिल्लक असेल, तर गॅसऐवजी इंडक्शन शेगडी वापरणे फायद्याचे ठरते. आणि एक लक्षात ठेवा : वापर पूर्ण वजा झाला तरी स्थिर आकार भरावाच लागतो.

कमी वापराच्या घरांचे काय?

जिल्ह्यातील ज्या घरांचा वापर १०० युनिटच्या आत आहे, त्यांचा वाचणारा युनिट मुळातच स्वस्त असतो. त्यामुळे स्वतःचे पैसे घालून संच परवडणे कठीण. त्यांच्यासाठी राज्य सरकारने २०२५ मध्ये ‘स्मार्ट’ योजना आणली. एक किलोवॉटसाठी केंद्राच्या ३० हजारांवर राज्याची भर पडते आणि दारिद्र्यरेषेखालील ग्राहकाचा वाटा अडीच हजार रुपयांवर येतो. विक्रेता मोठ्या संचाचा आग्रह धरत असेल, तर आधी एकच प्रश्न विचारा : शेवटच्या किलोवॉटची वीज माझ्या घरात वापरली जाणार, की ३१ मार्चला स्वस्तात जाणार?