जुना संगणक, नवी प्रणाली आणि मॉड्यूलची हजेरी

अहिल्यानगर, प्रतिनिधी - मायक्रोसॉफ्टने ‘विंडोज १०’चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. ‘विंडोज ११’च्या अटींत न बसणाऱ्या जुन्या संगणकांवर विनामूल्य ‘लिनक्स’ बसवणे, हा यंत्र मोडीत काढण्याला एक पर्याय आहे. मात्र लिनक्स बसवल्यावर कधी आवाज बिघडतो, कधी वायफाय तुटते आणि यंत्रच निकामी ठरवले जाते. प्रत्यक्षात अनेकदा एका ओळीचा बदल पुरेसा असतो.

प्रणालीच्या गाभ्याला ‘कर्नल’ म्हणतात. १९५० साली लोणी येथे सहकारी साखर कारखानदारीचा पाया घालणाऱ्या या जिल्ह्याला कर्नलचे काम समजणे अवघड नाही. कारखान्यात कायम कामगारांबरोबर गळितापुरते हंगामी कामगारही असतात. कर्नलचेही तसेच आहे. काही भाग त्यात कायमचा असतो; ध्वनी, वायफाय, पेन ड्राइव्ह यांना चालवणारे तुकडे मात्र गरजेनुसार बोलावले जातात. हेच ‘मॉड्यूल’. एखादे उपकरण जोडले की त्याची ओळख पटवून योग्य मॉड्यूल आणण्याचे काम ‘मॉडप्रोब’ हा मुकादम करतो. एका मॉड्यूलला दुसऱ्याची गरज असल्यास तो त्यालाही आधी हजर करतो.

या मुकादमाला द्यायच्या सूचना ‘ईटीसी’ फोल्डरमधील ‘मॉडप्रोब.डी’ येथे साध्या मजकुराच्या फायलींत लिहितात. ‘ऑप्शन्स’ या शब्दापुढे मॉड्यूलचे नाव आणि हवा तो पर्याय लिहावा. उदाहरणार्थ, इंटेलच्या ध्वनी मॉड्यूलसाठी ‘पॉवर सेव्ह’ शून्य केल्यास वीजबचतीमुळे स्पीकरमधून येणारा ‘टक्’ असा आवाज थांबू शकतो. कोणते पर्याय उपलब्ध आहेत, हे ‘मॉडइन्फो’ ही आज्ञा दाखवते. सध्या कोण हजर आहे, हे ‘एलएसमॉड’ सांगते.

नको असलेल्या मॉड्यूलसाठी ‘ब्लॅकलिस्ट’ हा शब्द आहे. तथापि येथेच फसगत होते. ब्लॅकलिस्ट म्हणजे बंदी नव्हे. उपकरण दिसताच त्या मॉड्यूलला आपोआप बोलावू नये, एवढाच त्याचा अर्थ. कार्यालयातील माहिती बाहेर जाऊ नये म्हणून पेन ड्राइव्हचे ‘यूएसबी-स्टोरेज’ ब्लॅकलिस्ट केले, तरी त्यावर अवलंबून असलेले ‘यूएएस’ हे मॉड्यूल त्याला सोबत घेऊन येऊ शकते. मॉडप्रोबची वाट खऱ्या अर्थाने अडवायची असल्यास ‘इन्स्टॉल’ या शब्दापुढे मॉड्यूलचे नाव लिहून त्याच्या जागी ‘फॉल्स’ ही नेहमी अपयशी ठरणारी आज्ञा चालवावी. अर्थात, प्रशासकाचा पासवर्ड सर्वांना ठाऊक असेल, तर हे कुलूपही व्यर्थच.

सूचना लिहिल्यावर संगणक पुन्हा सुरू करावा. संगणक सुरू होतानाच लागणाऱ्या मॉड्यूलबाबत ‘इनिटरॅमएफएस’ ही प्रारंभिक फाइलही नव्याने तयार करावी लागते. अन्यथा जुनीच सूचना चालू राहते. बदल मूळ फायलींत न करता स्वतंत्र फाइलमध्ये केल्यास, चूक झाली तरी ती फाइल काढून टाकली की पूर्वस्थिती परत आणता येते.