वॉर्डातला प्रश्न आणि पीएच.डी.चा अर्ज

अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची ठरावीक वेळाने कूस बदलायची, हे नर्सिंगच्या पहिल्या वर्षातच अंगवळणी पडतं. पण भरलेल्या वॉर्डात रात्रपाळीला दोनच सिस्टर असतील, तर आधी कोणाकडे धावायचं? बार्बरा ब्रेडन आणि नॅन्सी बर्गस्ट्रॉम या अमेरिकी परिचर्या-संशोधकांनी १९८७ मध्ये शय्याव्रणाच्या, म्हणजे पडून राहिल्याने होणाऱ्या जखमांच्या, धोक्याचं मोजमाप मांडलं. संवेदना, त्वचेचा ओलसरपणा, हालचाल, आहार अशा सहा बाबींना गुण द्यायचे. बेरीज ६ ते २३ च्या दरम्यान येते. ती जितकी कमी, तितका धोका जास्त. आज ही ‘ब्रेडन स्केल’ जगभरच्या रुग्णालयांत वापरात आहे.

रोजच्या कामातून उठलेल्या प्रश्नाची झेप एवढी असू शकते. नर्सिंगमधल्या पीएच.डी.चा अर्जही अशाच प्रश्नापासून सुरू व्हायला हवा. प्रत्यक्षात तो बहुतेकदा कागदपत्रांपासून सुरू होतो.

कागदपत्रांचा भाग तसा सरळ आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमावलीनुसार पदव्युत्तर पदवीला किमान ५५ टक्के गुण लागतात. आरक्षित प्रवर्ग, दिव्यांग आणि आर्थिक दुर्बल घटकांना ५ टक्क्यांची सवलत आहे. विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेत निम्मे प्रश्न संशोधन पद्धतीवर, निम्मे विषयावर. निवडीत लेखी परीक्षेला ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के वजन. बारकावे विद्यापीठागणिक बदलतात, म्हणून महाराष्ट्रातल्या उमेदवारांनी नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची त्या वर्षीची अधिसूचना शब्दन् शब्द वाचावी.

खरी अडचण गाईडची. भारतात नर्सिंगची पदवी १९४६ मध्ये दिल्ली आणि वेल्लोरला सुरू झाली, पदव्युत्तर अभ्यासक्रम १९५९ मध्ये दिल्लीत. डॉक्टरेटचा रस्ता मात्र फार उशिरा रुंदावला. २००६ मध्ये भारतीय परिचर्या परिषदेने बंगळुरूचं राजीव गांधी आरोग्य विज्ञान विद्यापीठ आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या साथीने पीएच.डी.साठी राष्ट्रीय कन्सॉर्शियम उभं केलं. पीएच.डी. झालेले कमी, म्हणून गाईड कमी. त्यातही एका प्राध्यापकाला एका वेळी ८, सहयोगी प्राध्यापकाला ६ आणि सहायक प्राध्यापकाला ४ च विद्यार्थी घेता येतात. निवृत्तीला ३ वर्षांहून कमी काळ उरलेल्यांना नवा विद्यार्थी घेता येत नाही. तेव्हा कोणाकडे जागा आहे आणि त्यांचं काम कशावर आहे, ही चौकशी फॉर्म भरण्याआधीच व्हायला हवी.

विषय निवडताना एम.एस्सी.चा साचा आड येतो. मधुमेही रुग्णांना पायांच्या काळजीबद्दल प्रश्नावली द्यायची, मग माहितीचं सत्र घ्यायचं, मग पुन्हा तीच प्रश्नावली. गुण बहुधा वाढतातच! पीएच.डी.ला एवढ्यावर थांबून चालणार नाही. सहा महिन्यांनी तो माणूस रोज तळपाय तपासतो का? त्याच्या पायाला जखमा कमी झाल्या का? सत्र दवाखान्यात घेतलं आणि सिस्टर घरी जाऊन बोलल्या, यात फरक पडला का? प्रश्न असा धारदार झाला, की नमुना किती मोठा लागेल, पाठपुरावा कोण करेल, पैसा कुठून येईल, हे आपोआप समोर येतं. रुग्णांवर उपाय करून पाहायचा असेल तर एथिक्स कमिटीची मंजुरी हवी, आणि पहिला रुग्ण घेण्याआधी क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीत नोंदणी. मुलाखतीत पॅनेल नेमकं इथेच बोट ठेवू शकतं.

नोकरी सांभाळून अर्धवेळ पीएच.डी. करणाऱ्यांसाठी सगळ्यात जड कागद म्हणजे ना-हरकत प्रमाणपत्र. नुसती परवानगी पुरत नाही. संशोधनाला पुरेसा वेळ मिळेल आणि गरज पडल्यास कोर्सवर्कसाठी कामातून मोकळं केलं जाईल, असं त्यात लिहून द्यावं लागतं. कोर्सवर्क किमान १२ क्रेडिटचं असतं. ड्युटीच्या तक्त्यात माणसं आधीच कमी असतात, त्यामुळे हे आश्वासन कागदावरच राहण्याची भीती असते. मेट्रन आणि प्राचार्यांनी अशा उमेदवाराच्या पाळ्या सत्र सुरू होण्याआधीच बसवून द्यायला हव्यात. तो त्या सिस्टरवर केलेला उपकार नव्हे, रुग्णालयाचंच काम आहे.

पीएच.डी.ची मुदत किमान ३ आणि कमाल ६ वर्षं. पुनर्नोंदणीने आणखी २ मिळू शकतात, आणि महिलांना त्यावर अजून २ वर्षांची सूट देता येते. प्रसूती किंवा बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजेची तरतूदही आहे. ज्या पेशात बहुसंख्य महिला आहेत, तिथे हे कलम प्रवेशाच्या माहितीपत्रकात पहिल्याच पानावर छापायला हवं.