वॉशिंग मशीन हलवताय? आधी ते बोल्ट शोधा

मागच्या वर्षी आम्ही हिंगोलीहून वसमतला घर हलवलं. हळदीच्या पैशातून आईसाठी घेतलेलं फ्रंट लोड मशीन मी छोटा हत्तीत आडवं टाकलं आणि औंढ्यामार्गे नेलं. वसमतला पहिल्याच स्पिनला ते धाडधाड नाचायला लागलं. मेकॅनिकनं विचारलं, "ट्रान्झिट बोल्ट कुठंयत?" ते मी कधीच भंगारात दिले होते.

आता कारण ऐका. फ्रंट लोडचा टब वर स्प्रिंगांना लटकलेला आणि खाली शॉक-अॅब्झॉर्बरवर टेकलेला असतो. त्याला जड वजनही जोडलेलं असतं, बऱ्याचदा काँक्रीटचं. कपडे धुताना हा झोका हवाच. पण गाडी खड्ड्यात आदळली की तेवढं वजन आतून बॉडीवर आपटतं. मागचे 3-4 बोल्ट टबाला जखडून ठेवतात.

म्हणून आधी प्लग काढा, नळ बंद करा, ड्रेन पाइप खाली सोडा, फिल्टर उघडून उरलंसुरलं पाणी काढा. मग बोल्ट लावा. मशीन उभंच ठेवा, गादीला टेकवून दोरीनं आवळा. 60-70 किलोचं धूड आहे, दोघांनी उचला. दाराला धरून तर मुळीच नको. टॉप लोडला बहुधा बोल्ट नसतात. तिथं टबाभोवतीच्या फटीत फोम किंवा जुन्या चादरी कोंबा.

नव्या घरी मशीन सुरू करण्याआधी बोल्ट काढायचे, बरं का! आणि पिशवीत घालून जपून ठेवायचे. माझ्या चुकीपायी आईनं दीड महिना हातानं धुणं धुतलं. ते अजून टोचतं.