शेवंतीचा बहर आणि रात्रीची उष्णता

शेवंती ऋतू पाहून फुलते, असे आपण म्हणतो. परंतु ‘ऋतू’ या शब्दात दोन निराळ्या गोष्टी सामावलेल्या असतात: रात्रीची लांबी आणि हवेचे तापमान. रात्री लांबू लागल्या, की शेवंतीच्या पानांत एक विशिष्ट प्रथिन तयार होते. ते शेंड्यापर्यंत पोचले, की तेथे कळीची घडण सुरू होते. रात्रीची लांबी दरवर्षी त्या त्या तारखेला तेवढीच असते. उष्णतेचे तसे नाही. उच्च तापमानात या प्रथिनाच्या जनुकाचे कार्य मंदावते, असे जपानी संशोधकांनी २०१३ साली दाखवून दिले.

तथापि, सर्व वाण सारखे नसतात. अमेरिकन उद्यानशास्त्रज्ञ हेन्री कॅथी यांनी १९५४ साली त्यांचे तीन गट केले. पहिल्या गटातील वाण सुमारे १० ते २७ अंश सेल्सियस तापमानात फुलतात. दुसऱ्यांना १६ अंशांखालील गारठा अडवितो; तिसऱ्यांना त्यावरील उष्णता.

म्हणूनच माळव्याच्या शीतल रात्रीत वेळेवर बहरणारे रोप गोव्याच्या दमट किनाऱ्यावर रेंगाळू शकते. अशा वेळी खताला वा माळ्याला दोष देणे आणि रोप उपटून टाकणे हा अन्यायच होय. रात्री उष्ण होत चाललेल्या या काळात फुलाचा रंग पाहून वाण निवडणे पुरेसे नाही. आपल्या गावची रात्र त्याला मानवेल काय, हेही पाहिले पाहिजे.