इमानातली सतरा

चिखलीच्या बसस्थानकावर मेहकरच्या गाडीची वाट बघत एक बाई बाकावर बसल्या होत्या. कापडी पिशवी, पायाशी पाण्याची बाटली. बोलता बोलता म्हणाल्या, "सतरा लेकरं इमानात बसवली म्या. सोता मात्र एकडावही बसले नाही." मला वाटलं, पोरं-नातवंडं परदेशात असतील. पण सतरा म्हणजे जरा जास्तच झाली.

मग उलगडा झाला. विदर्भातल्याच एका शहरात दत्तक देणाऱ्या संस्थेत त्या बावीस वर्षं मावशी आहेत. संस्थेत मुलांना सांभाळणाऱ्या बायकांना मावशीच म्हणतात. नोकरीचं नाव तेच आणि नातंही तेच. यात्रेसाठी गावी आल्या होत्या. देशातल्या देशात किती मुलं गेली याचा त्यांच्याकडे हिशेब नाही. परदेशी गेलेली तेवढी मोजलेली. सतरा.

आमच्या चिखलीला अजून रेल्वे नाही. खामगाव-जालना मार्गाची मागणी इंग्रजांच्या अमदानीपासून चालू आहे. अशा तालुक्यातली बाई सतरा मुलं विमानात बसवते, हे काही डोक्यातून जाईना. अठरावीच्या वेळी या म्हणाल्या, म्हणून गेलो. संस्थेचं, शहराचं, मुलीचं नाव इथे येणार नाही. आत सोडताना अट तीच होती आणि ती योग्य आहे.

दारातून आत गेलं की आधी वास येतो: उकळून खाली ठेवलेलं दूध, फिनाईल आणि बेबी पावडर, तिन्ही एकात एक. मागच्या अंगणात चार दोऱ्यांवर दुपटी वाळत घातलेली. लहानग्यांच्या खोलीत ओळीने पाळणे, थोरल्यांच्या खोलीत भिंतीला लागून गाद्या. त्यातल्या एका गादीच्या उशाशी, मुलाचा हात पोचेल इतक्या उंचीवर, एक फोटो चिकटवलेला. इटलीतलं जोडपं, मागे डोंगर, पुरुषाला भरघोस दाढी. फोटोच्या काचकागदावर ओठांचे पुसट डाग. चार महिने ती चार वर्षांची मुलगी रोज रात्री त्या फोटोची पापी घेऊन झोपत होती.

कागदांचा प्रवास मला ऑफिसातल्या ताईंनी समजावून दिला. बालकल्याण समिती मूल दत्तकासाठी मोकळं झाल्याचं जाहीर करते, दिल्लीचं 'कारा' हे केंद्रीय दत्तक प्राधिकरण ना-हरकत देतं, जिल्हाधिकारी आदेश काढतात (सप्टेंबर २०२२ पर्यंत हे काम कोर्टाचं होतं), मग पासपोर्ट, मग व्हिसा. सुप्रीम कोर्टाने १९८४ साली लक्ष्मीकांत पांडे खटल्यात परदेशी दत्तकाला पहिल्यांदा शिस्त लावली. २००३ मध्ये भारताने परदेशी दत्तकाबाबतचा हेग करार स्वीकारला. आपल्या देशातून वर्षाला साधारण साडेचार हजार मुलं कायदेशीर दत्तक जातात, त्यातली परदेशात चारशेच्या आसपास.

ही चारशे कोणती, हे ताईंनी आवाज न चढवता सांगितलं. वयाने मोठी झालेली, भावंडांसकट असलेली, काहीतरी दुखणं किंवा व्यंग असलेली. या मुलीचा वरचा ओठ जन्मतः दुभंगलेला होता. ऑपरेशन नीट झालं आहे, आता फक्त एक रेघ दिसते. आपल्याकडच्या पालकांना मूल राखून ठेवायला ४८ तास मिळतात. हिच्या बाबतीत ते तास पुन्हा पुन्हा नुसतेच सरले. त्या रेघेकडे बघून मला आपल्याच लोकांचा राग आला, तो लपवत नाही.

मी चिखलीत हा विषय काढला तेव्हा दोघातिघांनी एकच विचारलं होतं: "विकतात का हो पोरं?" प्रश्न हवेतून आलेला नाही. पुण्यातल्या एका संस्थेमागे परदेशी दत्तकातल्या पैशांवरून २०१० साली सीबीआय लागली होती. आता परदेशी पालकांनी संस्थेला द्यायची रक्कम ठरलेली आहे, ५,००० डॉलर, पावतीसकट. मावशींना त्यातलं काही विचारलं तर म्हणाल्या, "मले पगार भेटतो ना भाऊ."

अकरा वाजता गाडी आली. मावशींनी मुलीला पहाटेच न्हाऊ घातलं होतं, तेल लावून दोन घट्ट वेण्या घातल्या होत्या. दारातून बाई आली आणि तिच्यामागे पुरुष. मुलगी मावशींच्या पदराआड गेली, आणि मग जे झालं त्याची कुणालाच कल्पना नव्हती. त्या माणसाने दाढी काढली होती. भारतात उकाडा फार असतो असं कुणीतरी सांगितलं असणार. मुलगी एकदा त्याच्याकडे बघे, एकदा आतल्या खोलीकडे. मग सरळ आत पळाली आणि फोटोसमोर जाऊन उभी राहिली. फोटोतला बाप तो, हा नव्हे.

बापाचा चेहरा पडला. दुभाष्या काहीतरी समजावू लागला, ताईंनी खाऊचा डबा उघडला. मावशी मात्र मुलीच्या शेजारी उकिडव्या बसल्या, फोटोतल्या दाढीवर आपला तळवा आडवा धरला आणि म्हणाल्या, "आता पाय. डोये कोनाचे हायेत?" मुलगी फोटोतले डोळे बघत राहिली. मग मान वळवून दारात उभ्या असलेल्या माणसाचे. असं तीन वेळा. तो बिचारा श्वास रोखून उभा. शेवटी ती त्याच्याजवळ गेली आणि त्याच्या हनुवटीला एका बोटाने हात लावून आली. तेवढ्यावर सकाळचं काम भागलं.

दुपारी पालकांना सगळी संस्था दाखवली. त्या बाईने स्वयंपाकघरात वरणाला फोडणी दिली जातानाचा व्हिडिओ काढला, दोरीवरच्या दुपट्यांना हात लावून पाहिला. मुलीचं एक दुपटं न धुता मिळेल का, असं तिने विचारलं. मावशींनी ते आधीच वेगळं काढून पिशवीत बांधून ठेवलं होतं. जुन्या लुगड्याचं, चारी बाजूंनी हातशिलाई.

मुलीचा अहवाल मी पाहिला. उंची, वजन, लसी, सवयी. झोपेच्या रकान्यात इंग्रजीत दोन शब्द: 'स्लीप्स वेल'. मावशींना मी त्याचा अर्थ सांगितला तेव्हा त्या चिडल्याच. "कसची वेल? कानाची पाळी धरल्याबिगर डोया लावत नाही ते." मुलगी झोपताना मावशींच्या कानाची पाळी दोन बोटांत धरते, चोळते, आणि मगच झोपते. चार वर्षांत हे कुठल्याच कागदावर आलं नाही, कारण लिहिणाऱ्या ताई रात्री संस्थेत नसतात. मावशींनी दुभाष्याला धरून आणलं आणि ते तीनदा सांगायला लावलं. त्या बाईने ऐकलं, काही बोलली नाही. तिथेच उभ्या उभ्या दोन्ही कानांतली कर्णफुलं काढली आणि पर्समध्ये टाकली.

निघताना मुलगी रडली, मावशी नाही. गाडी गेल्यावर त्यांनी गादी उन्हात टाकली. रिकाम्या जागेवर लगेच दुसरं मूल येतं म्हणतात. त्या दिवशी तरी आलं नाही.

संध्याकाळी चहा घेताना त्यांनी विचारलं, "परत येतात का हो हे?" मी त्यांना फाल्गुनची गोष्ट सांगितली. १९८५ साली नागपूरच्या मातृसेवा संघात एका आईने सोडलेला मुलगा. मातृसेवा संघ म्हणजे कमलाताई होस्पेटांनी १९२१ मध्ये सुरू केलेला तो. महिना फाल्गुन, म्हणून तिथल्या नर्सने नाव फाल्गुन ठेवलं. तो नेदरलँड्सला गेला आणि आज फाल्गुन बिन्नेनडाइक हेमस्टेड नावाच्या गावचा महापौर आहे; आईला शोधत नागपूरला आला होता. पुण्याच्या श्रीवत्स संस्थेतून १९७९ साली स्थळेकर कुटुंबाने नेलेली लैला पुढे लिसा स्थळेकर झाली, ऑस्ट्रेलियाच्या महिला क्रिकेट संघाची कप्तानही झाली, हेही सांगितलं. मावशींना महापौर आणि कप्तान यांत रस नव्हता. त्यांनी विचारलं, "नाव तेच ठेवलं त्यानं? नर्सनं ठेवलेलं?" हो म्हणालो. मग बराच वेळ त्या बशीतला चहा फुंकत राहिल्या.

मूल गेल्यावर दोन वर्षं अहवाल येतात: पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी, दुसऱ्या वर्षी दर सहा महिन्यांनी. म्हणजे एका मुलाचे सहा, फोटोंसकट. आजच्या नियमाने हिशेब धरला तर सतरा मुलांचे शंभरावर अहवाल होतात. मावशींनी आजवर पाहिलेले फोटो किती? चार. तेही कुणाला आठवण झाली म्हणून मोबाइलवर दाखवलेले. अहवाल गोपनीय असतात, ते खरं. पण ज्या हातांनी वेण्या घातल्या त्यांच्यापासून एक फोटो कसला लपवायचा?

पंधरा दिवसांनी मी मावशींना फोन केला. आता अठरा झाली ना, विचारलं.

"नाही भाऊ, सतराच. पोचल्याचा निरोप आल्याबिगर मी मोजत नसतो."