संकटकाळी पहिला निरोप कोणासाठी?

मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस २६ जुलै २०१९ च्या रात्री बदलापूर आणि वांगणी या स्थानकांच्या दरम्यान पुराच्या पाण्यात अडकली. उल्हास नदीचे पाणी लोहमार्गावर आले होते. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत एनडीआरएफच्या जवानांनी बोटींच्या साह्याने सुमारे १०५० प्रवाशांची सुखरूप सुटका केली. नौदलाची पथके आणि आसपासचे ग्रामस्थही मदतीला धावले. त्या बोटींची छायाचित्रे अनेकांच्या स्मरणात असतील. मध्य रेल्वेने त्या सकाळी ट्विटरवरून केलेले आवाहन मात्र फारसे कोणाला आठवणार नाही. गाडीतून खाली उतरू नका, गाडीच सुरक्षित आहे, बचाव पथकांच्या सूचनेची वाट पाहा, असा त्याचा आशय होता.

जनसंपर्क या व्यवसायाची खरी कसोटी अशाच वेळी लागते. अमेरिकी संशोधक टिमथी कूम्ब्स यांनी संकटकाळातील संवादाचा दीर्घ अभ्यास केला आहे. संस्थेने आपली प्रतिमा सावरण्याचा विचार नंतर करावा. लोकांनी स्वतःचा बचाव कसा करावा, हे आधी सांगावे आणि मग नेमके काय घडले व पुढे काय होणार, याची माहिती देऊन त्यांची चिंता कमी करावी, असा क्रम ते मांडतात. अंधारात पाण्यात उतरण्याचा मोह होत असलेल्या प्रवाशाला रेल्वेच्या कार्यक्षमतेचे वर्णन नको होते. ‘उतरू नका’ एवढेच त्याला हवे होते.

अर्थात, सारे आलबेल नव्हते. रात्रभर गाडीत अडकलेल्या प्रवाशांनी अन्नपाणी मिळत नसल्याच्या तक्रारी मोबाइलवरून केल्या. ट्विटरवरचे आवाहन मोबाइलची बॅटरी संपलेल्या माणसापर्यंत कसे पोहोचणार, हाही प्रश्न होताच. प्रवाशांचा आकडा कुठे सातशे, तर कुठे दोन हजार असा सांगितला जात होता. आकड्यांच्या या घोळात घाईघाईने बातमी देणारे आम्ही बातमीदारही होतो, हे येथे नमूद केले पाहिजे.

योगायोग असा, की आधुनिक प्रसिद्धिपत्रकाचा उगमही एका रेल्वे अपघातातच सांगितला जातो. २८ ऑक्टोबर १९०६ रोजी अमेरिकेत अटलांटिक सिटीजवळ पेनसिल्व्हेनिया रेलरोडची गाडी पुलावरून पाण्यात कोसळून पन्नासहून अधिक प्रवासी मृत्युमुखी पडले. अपघात दडपण्याची तेव्हाची रीत मोडून कंपनीचे सल्लागार आयव्ही ली यांनी स्वतःहून निवेदन प्रसृत केले आणि पत्रकारांना घटनास्थळी नेण्याची व्यवस्था केली. मात्र याच ली यांना १९३४ मध्ये नाझी राजवटीतील आय. जी. फार्बेन या रसायन कंपनीसाठी केलेल्या कामाबद्दल अमेरिकी संसदीय समितीपुढे उत्तरे द्यावी लागली. कौशल्य तेच होते, फक्त ते कोणाच्या कामी आले यात फरक पडला.

यासाठीच आचारसंहितेची गरज भासली. आंतरराष्ट्रीय जनसंपर्क संघटनेने १९६५ मध्ये अथेन्स येथे संहिता स्वीकारली. अन्य कोणत्याही गरजेपोटी सत्याला दुय्यम स्थान देऊ नये आणि खातरजमा न झालेली माहिती प्रसृत करू नये, ही त्यातील महत्त्वाची बंधने. पब्लिक रिलेशन्स सोसायटी ऑफ इंडियाने २१ एप्रिल १९६८ रोजी ही संहिता अंगीकारली. २१ एप्रिल हा दिवस म्हणूनच राष्ट्रीय जनसंपर्क दिन म्हणून पाळला जातो. मात्र डॉक्टर किंवा वकिलाप्रमाणे आपल्याकडे या व्यवसायाला परवाना लागत नाही. त्यामुळे संहिता मोडणाऱ्याची सनद जाण्याचा प्रश्नच येत नाही. तरीही व्यावसायिक संघटनेने मनावर घेतले तर काय होऊ शकते, हे २०१७ मध्ये दिसले. दक्षिण आफ्रिकेत गुप्ता कुटुंबाच्या कंपनीसाठी वांशिक तेढ वाढविणारी मोहीम चालविल्याबद्दल बेल पॉटिंजर या ब्रिटिश कंपनीला तेथील संघटनेने बडतर्फ केले. ग्राहकांनी पाठ फिरविली आणि काही दिवसांतच कंपनी दिवाळखोरीत निघाली.

उल्हासनगर-अंबरनाथ परिसराला हा विषय परका नाही. नोव्हेंबर २०१४ मध्ये वालधुनी नदीत टँकरमधून रसायन सोडण्यात आले आणि उल्हासनगरच्या शेकडो रहिवाशांना श्वसनाचा त्रास झाला. भोपाळ दुर्घटनेनंतर १९८७ मध्ये कारखाने अधिनियमात कलम ४१ ब समाविष्ट झाले. धोकादायक प्रक्रिया चालविणाऱ्या कारखान्याने त्यातील धोक्यांची आणि बचावाच्या उपायांची माहिती कामगारांबरोबरच परिसरातील नागरिकांनाही दिली पाहिजे, असे ते सांगत होते. म्हणजे येथे संवाद हे कायदेशीर कर्तव्यच आहे. प्रत्यक्षात वर्तमानपत्रांच्या कार्यालयांत येऊन पडणारी पत्रके वृक्षारोपणाची आणि वह्यावाटपाची असतात. ती जशीच्या तशी छापलीही जातात.

गप्प राहणे हेच काही वेळा कर्तव्य ठरते, ही यातील अवघड बाजू आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतील दोन लहान मुलींवरील अत्याचाराचे प्रकरण उघडकीस आले. शाळेने वेळीच दखल घेतली नाही आणि तक्रार नोंदविण्यास विलंब झाला, असा पालकांचा आरोप होता. २० ऑगस्टला संतप्त नागरिकांनी बदलापूर स्थानकात तासन्‌ तास रेल्वे रोखून धरली. त्यानंतर शहरातील इंटरनेट सेवा बंद करण्यात आली. मुंबई उच्च न्यायालयाने प्रकरणाची स्वतःहून दखल घेऊन यंत्रणांना खडसावले.

पोक्सो कायद्यानुसार पीडित बालकाची ओळख उघड होईल असा कोणताही तपशील प्रसिद्ध करता येत नाही आणि ते योग्यच आहे. पण कायद्याचे हे बंधन बालकाच्या ओळखीपुरते आहे. तक्रार कधी आली, संबंधित कर्मचाऱ्याला कामावरून केव्हा दूर केले, मुलींच्या स्वच्छतागृहाजवळ आता कोणाची नेमणूक आहे आणि काळजीत पडलेल्या पालकाने कोणत्या दूरध्वनी क्रमांकावर विचारावे, ही माहिती कोणत्याही शाळेला पहिल्याच दिवशी, पीडितेची ओळख तसूभरही न उघडता, फाटकावरच्या फलकावर लावता येते.