दोन हा कोणता संच?

सकाळी साडेसात. नोव्हेंबरात ऑक्सफर्डला या वेळी नुकतं उजाडलेलं असतं. चहा घेता घेता निबंधावरून शेवटची नजर फिरवते. गणित आणि तत्त्वज्ञान या जोडपदवीचं माझं तिसरं वर्ष. आज सकाळी संचसिद्धांताचं लेक्चर आणि दुपारी गणिताच्या तत्त्वज्ञानाचं ट्युटोरियल. असा दिवस मला फार आवडतो.

नऊ. अँड्र्यू वाइल्स बिल्डिंग. दाराशी पेनरोझची फरसबंदी: लाद्या दोनच आकारांच्या, तरी नक्षी ठरावीक अंतराने पुन्हा येत नाही. लेक्चर नऊ वाजून पाच मिनिटांनी सुरू होतं, ही इथली जुनी रीत. आज फळ्यावर नैसर्गिक संख्या घडवल्या. शून्य म्हणजे रिक्त संच. एक म्हणजे फक्त शून्य असलेला संच. दोनमध्ये शून्य आणि एक. तीनमध्ये शून्य, एक, दोन. ही फॉन नॉयमनची रचना. प्रत्येक संख्या म्हणजे तिच्या आधीच्या सगळ्या संख्यांचा संच. त्यामुळे ‘लहान असणं’ म्हणजेच ‘घटक असणं’, आणि हीच युक्ती पुढे अनंताच्या पलीकडेही चालते. रिक्त संचातून एवढं सगळं उभं राहताना पाहिलं की अंगावर काटा येतो.

अकरा. लायब्ररी. पॉल बेनासेराफचा 1965 चा लेख पुन्हा काढते. त्सेर्मेलोनं संख्या वेगळ्या रचल्या होत्या: त्याच्या दोनमध्ये फक्त एक असतो, तीनमध्ये फक्त दोन. दोन्हीकडे दोन अधिक दोन चारच. पण ‘एक हा तीनचा घटक आहे का?’ असं विचारा. फॉन नॉयमनकडे उत्तर हो, त्सेर्मेलोकडे नाही. यातलं खरं कोणतं हे ठरवणारं प्रमेय नाही. म्हणून बेनासेराफ म्हणतो, संख्या हे संच नव्हेतच.

दीड. जेवण, मग घरी फोन. तिकडे संध्याकाळचे सात. बाबा विचारतात, ‘‘गणित ठीक आहे गं, पण तत्त्वज्ञान कशाला?’’ आपल्याकडे अकरावीला सायन्स घेतलं की तर्कशास्त्र सुटतंच. ते आर्ट्सच्या मुलांचं. ही वाटणी मला अजिबात पटत नाही. सिद्धता कशाला म्हणायचं हा प्रश्न रोज सिद्धता लिहिणाऱ्यांनी नाही विचारायचा, तर कुणी?

तीन. ट्युटरांची खोली. आम्ही दोघी विद्यार्थिनी आणि त्या. माझ्या निबंधाचा मुद्दा असा की दोन ही वस्तू नाहीच. ती एका रचनेतली जागा आहे, शून्यापासून तिसरी. ट्युटर थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, ‘‘वजा एकला दोन वर्गमुळं आहेत. त्यांची अदलाबदल केली तर संमिश्र संख्यांच्या बेरीज-गुणाकारात काही बिघडतं?’’ नाही बिघडत. हे तर पहिल्या वर्षापासून माहीत आहे. ‘‘मग नुसत्या जागेवरून ती दोन आहेत हे कसं सांगणार?’’ पुढचा तास आम्ही तिघी याच एका प्रश्नाशी झगडत होतो. मैत्रीण म्हणाली, दोन असण्यासाठी वेगळं ओळखता यायलाच हवं असं कुठे आहे? मला ते पटतं, पण का पटतं हे अजून मांडता येत नाही. तत्त्वज्ञानात तेवढंच पुरत नाही. गणितात सिद्धता पुरी झाली की पेन खाली ठेवता येतं. इथे पटलेल्या गोष्टीचंही कारण द्यावं लागतं. मला दोन्ही शिस्ती हव्या आहेत.

पाच ते सात प्रॉब्लेम शीट. मग जेवण.

रात्री साडेआठ. पुढचा निबंध फ्रेगेवर. जून 1902 मध्ये रसेलचं पत्र आलं, तेव्हा फ्रेगेच्या ग्रंथाचा दुसरा खंड छपाईत होता. पत्रातला प्रश्न असा: स्वतःचे घटक नसलेल्या सगळ्या संचांचा संच स्वतःचा घटक आहे का? हो म्हटलं तरी विसंगती, नाही म्हटलं तरी विसंगती. फ्रेगेनं ते मान्य करून खंडाला परिशिष्ट जोडलं. आम्ही शिकतो तो सेपरेशनचा ॲक्सियम इतका हात आखडून लिहिलाय तो यामुळेच: आधी एखादा संच हाती हवा, मगच त्यातून निवडायचं. निबंध या ॲक्सियमपासूनच सुरू करते. फ्रेगेचं नेमकं कुठे अडलं, हे त्याशिवाय नीट दाखवता येणार नाही.